तापलेला गुडघा

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. कारखान्याच्या बैठकीत आधी चहा बंद झाला, मग संचालकांचा भत्ता, मग जीप. चेअरमन नानासाहेब त्या दिवशी स्वतः मुरुमहून यष्टीनं आले होते आणि ते सगळ्यांना ऐकवतही होते.

"म्या यष्टीच्या मागच्या बाकावर बसून येतो. मग तुमाला जीप कशाला पायजे?"

यावर काही बोलायची कुणाची छाती नव्हती. नानासाहेब हाताचे स्वच्छ होते. कारखान्याची चिमूटभर साखर कधी त्यांच्या घरी फुकट गेली नव्हती. सभासदांच्या पैशाला ते देवळातल्या दानपेटीसारखे जपत. विहिरी खडखडीत झाल्या होत्या, ऊस निम्म्यावर आला होता, शेतकऱ्यांच्या बायका रोजगार हमीवर खडी फोडत होत्या. अशा दिवसांत असा कंजूष चेअरमन लाभला हे सगळ्यांना भाग्यच वाटे. पण मंडळी, प्रामाणिक माणसाच्या हातून होणारा जुलूम फार वाईट असतो. लबाड माणसाला निदान आपण काय करतो ते ठाऊक असतं. प्रामाणिक माणूस जुलूम करून रात्री शांत झोपतो!

खर्चांवर काट मारता मारता नानासाहेब तालमीपाशी आले.

कारखान्याची स्वतःची तालीम होती. चार पैलवान पाळले होते. मस्टरवर त्यांची नावं वॉचमन म्हणून लागत, राहायला खोली मिळे, खुराक मिळे. त्याबदली ते जत्रांच्या फडात कारखान्याच्या नावानं लढत आणि इनामाचा निम्मा वाटा कारखान्याच्या क्रीडा खात्यात भरत. त्यांचे वस्ताद होते चाँदपाशा. साठीचे, मान रेड्यासारखी, कान कुस्त्यांत चुरगळून गोळा झालेले. ते बैठकीत हात बांधून उभे होते.

"तालमीतल्या हौदाची माती दगड झालीय साहेब," ते म्हणाले. "वर्स झालं, तेल न्हाय, ताक न्हाय, हळद न्हाय. मिलच्या वाफेचं निवलेलं पाणी नाल्याला सोडून देतात, त्यातलं चार पिपं द्या. बाकी तेलाताकाचं काय ते मंजूर करा. आन् पोरांना वर्षातून एकदा सोलापूरच्या हाडाच्या डॉक्टरला दावलं पायजे."

नानासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"वस्ताद, गावात बाया घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटायल्यात. आन् तुमी मातीला ताक पाजणार?"

संचालक खो खो हसले.

"ती माती पैलवानाची गादी असती साहेब. गादी कडक झाली की मग हाडाला मऊ व्हावं लागतं."

"खुराक आमी देतो. हाडं देवानं दिलीत. त्याचा खर्च आमच्याकडं मागू नगा."

पुन्हा हशा झाला. काट बसली. चाँदपाशांनी सगळ्यांना सलाम केला आणि ते बाहेर पडले.

त्या चार पैलवानांत खरा मोहरा होता श्रीपती. चोवीस-पंचवीसचा, काळाकभिन्न, नुसता उभा राहिला तरी फडाला भरती येई. मुरुमपासून पार आळंदपर्यंत त्याचं नाव होतं. श्रीपतीची कुस्ती लागली असं कळलं की जत्रेची तिकिटं आधीच खपून जात. त्याचा बाप बौद्धवाड्यातला, आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबून गेला. पोरगा मात्र कारखान्याच्या पक्क्या खोलीत राहायला आला. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली बायको चांगुणेनं मांडलेली पितळेची चार भांडी. नानासाहेब भाषणात नेहमी म्हणत, "आमी जातपात बघितली न्हाय, गुण बघितला!" टाळ्या पडत. श्रीपती मान खाली घालून उभा राही.

मार्गशीर्षातल्या येळवशीच्या सणाआधी, सरावात, श्रीपती त्या दगडी मातीवर पडला. काही मोठं झालं नव्हतं. जोडीदारानं टांग मारली, हा खाली आला, आणि उजवा गुडघा आत वळला. एरवी मऊ माती पाय गिळून घेते. या मातीनं पाय धरला आणि वरचं अंग फिरलं. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला.

चाँदपाशांनी पदरमोड करून त्याला सोलापूरला नेलं. डॉक्टरनं गुडघा हलवून पाहिला आणि सांगितलं, आतला बंध अर्धा फाटलाय, दोन महिने पूर्ण विश्रांती, मग हळूहळू व्यायाम. नीट सांभाळलं तर पुन्हा लढेल, आणि न सांभाळलं तर गुडघा जन्माचा गेला.

पण पौषातल्या जत्रेत श्रीपतीची कुस्ती ठरली होती. समोर कर्नाटकातला वीरभद्र. जोड अशी की दोन्ही राज्यांतून माणसं येणार. इनाम मोठं, तिकीट मोठं, आणि कारखान्याची निवडणूक पुढच्या पावसाळ्यात. त्या फडात खुर्ची मांडून बसलेला चेअरमन हजारो सभासदांना दिसणार होता.

नानासाहेब स्वतः श्रीपतीच्या खोलीवर आले. ते कधी कुणाच्या खोलीवर जात नसत. चांगुणेनं घाईघाईनं सतरंजी टाकली. चाँदपाशा आधीच तिथं बसलेले होते, श्रीपतीच्या गुडघ्याला बिब्याचा शेक देत.

"काय रे, ऐकतोय ते खरं हाय का?"

"जरा दुखायलंय साहेब," श्रीपती म्हणाला.

"जरा?" चांगुणा मधेच बोलली. तिला राहवलं नाही. "साहेब, रातभर वरडत्यात. हात लावून बघा, ताप आल्यागत तापलाय गुडघा."

नानासाहेबांनी हात लावला नाही.

"बाई, मर्दाचं दुखणं बाईनं सांगायचं नसतं," ते म्हणाले, आणि श्रीपतीकडे वळले. "हे बघ, दुष्काळात कारखाना तुला पोसतोय. कारखाना म्हंजे सभासदाच्या घामाचा पैका. बसून खायला म्या धर्मशाळा काढली न्हाय. मस्टरवर नाव ठेवायचं का काढायचं, तूच सांग."

चाँदपाशा उभे राहिले. "साहेब, हा गडी अजून दहा वर्सं लढतोय. आज लढवलात तर आजच्याच दिवस लढंल. मंग तुमाला बी काय राहणार?"

"वस्ताद, तुमच्या काळात पैलवान ताप अंगावर घेऊन लढत होते."

"व्हय. आन् त्यातले किती जण आज भीक मागत हायेत, तेबी मला ठाव हाय."

नानासाहेबांचा चेहरा कठीण झाला. ते उठले. श्रीपतीनं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. पक्की खोली गेली तर परत बापाचं छप्पर. तो म्हणाला, "लढतो साहेब."

"शाब्बास! असा पायजे," नानासाहेब म्हणाले. वाटेत ते मनाशी समाधानानं पुटपुटले, पोरांना जरा दरडावलं की दुखणी पळतात.

जत्रेचा फड माणसांनी फुटायला आला होता. पाण्याअभावी मैदानावर सडासुद्धा मारला नव्हता, नुसता फुफाटा. हलगी कडाडत होती. नानासाहेब फेटा बांधून पहिल्या खुर्चीवर. श्रीपती मैदानात आला तो मांडीला थोपटत आला, पण उजवा पाय जमिनीवर पुरता टेकत नव्हता. पैलवानाच्या पायाकडे पैलवान आधी बघतो. वीरभद्रानं पाहिलं.

सलामी झाली. वीरभद्र काही वेळ नुसता फिरत राहिला, श्रीपतीला उजव्या पायावर वळायला लावत. मग एकदम वाकून त्यानं एकेरी पट काढला, तोच उजवा पाय दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि अंगाचा भार टाकला.

वाळका ऊस गुडघ्यावर मोडावा तसा आवाज झाला. पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आला.

श्रीपती पडला आणि ओरडला. पैलवानाच्या तोंडून असा आवाज त्या फडानं कधी ऐकला नव्हता. क्षणभर हलगीही थांबली. मग मागून कुणीतरी बोंबललं, "नाटक करायलंय! ऊठ की रं!"

"पैसं खाल्ले! पैसं खाल्ले!"

"कारखान्याचा फुकटा!"

माणसांनी तिकिटाचे पैसे मोजले होते. त्यांना कुस्ती पाहिजे होती. एक चप्पल आली, मग दुसरी, मग ढेकळं. एक ढेकूळ श्रीपतीच्या तोंडावर फुटलं. तो हातांनी गुडघा धरून लोळत होता, तोंड झाकायला त्याला हात मोकळा नव्हता. चाँदपाशा धावले आणि त्याच्यावर आडवे पडले. म्हाताऱ्याच्या पाठीवर ढेकळं पडत राहिली.

आणि नानासाहेब? ते खुर्चीवरून उठले नाहीत. शेजारच्या संचालकाला म्हणाले, "नाव घालवलं कारखान्याचं. उचला त्याला. पुढली कुस्ती लावा."

पुढची कुस्ती लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गुडघा ताठ झाला तो कायमचा. सोलापूरचा डॉक्टर म्हणाला, आता माझ्याकडे काही नाही. महिनाअखेर श्रीपतीचं नाव मस्टरवरून निघालं. वॉचमनला दोन पाय लागतात, असं कारण दिलं. खोली रिकामी करायचा हुकूम निघाला. बैठकीत एका संचालकानं दबक्या आवाजात विचारलं, "काही मदत?" नानासाहेब म्हणाले, "एकाला दिली तर उद्या सगळे गुडघे घेऊन येतील." आणि पुन्हा हशा झाला.

चाँदपाशांनी तालमीची किल्ली ऑफिसच्या टेबलावर ठेवली आणि मुरुमला घरी गेले. राहिलेल्या तिघांपैकी दोघे चांगले पैलवान कुणाला न सांगता दुसऱ्या एका कारखान्याकडे गेले. तिथली माती मऊ आहे, एवढंच ते कुणाला तरी बोलले. जत्रांची बोलावणी थांबली. क्रीडा खात्यात जमा होणं बंद झालं. नानासाहेबांच्या लेखी मात्र खर्च वाचला होता.

फाल्गुन लागला. ऊस थोडा उरला होता, तोही वाळत चाललेला, आणि मिल रात्रंदिवस चालत होती. एका दुपारी नानासाहेब मिलमध्ये उभे होते. खोलीची मुदत अजून थोडी वाढवून मिळावी म्हणून चांगुणा त्यांना शोधत तिथवर आली होती. यंत्रांच्या घरघरीत तिला बोलता येईना, म्हणून ती खांबाला टेकून वाट बघत उभी राहिली.

तेवढ्यात चीफ इंजिनिअर महालिंगप्पा धावत आले.

"साहेब, दोन नंबरच्या मिलचं बेअरिंग तापायलंय. पण ऊस गाड्यांत वाळायलाय. संध्याकाळपर्यंत ओढू, मग बघू."

"काय?" नानासाहेब कडाडले. "बंद करा! आत्ता बंद करा!"

"साहेब, एवढ्या गाड्या उभ्या हायेत, लोक बोंब मारतील."

"मारू द्या बोंब! तापलेल्या बेअरिंगवर मिल चालवता? अक्कल हाय का? बेअरिंग गेलं तर शाफ्ट जाईल, शाफ्ट गेला तर मिल जाईल, हंगाम जाईल! चार तासाच्या लोभापायी लाखाची मिल घालवायला सभासदांनी मला निवडून दिलंय व्हय?"

भोंगा झाला. पट्टे थांबले. घरघर उतरत उतरत गेली आणि सगळीकडे विचित्र शांतता पसरली. नानासाहेबांनी स्वतः पुढं होऊन बेअरिंगच्या लोखंडावर हात ठेवला आणि चटका बसून मागं घेतला.

"बघा किती तापलंय!" ते इंजिनिअरला म्हणाले.

"साहेब."

ते वळले. चांगुणा खांबापाशी उभी होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण त्या शांततेत सगळ्या फिटर-मजुरांना ऐकू गेला.

"साहेब, ह्यांचा गुडघा बी असाच तापला होता. म्या म्हणलं होतं, हात लावून बघा. तुमी लावला न्हाय."

तिनं बेअरिंगकडे बोट केलं.

"लोखंडाला हात लावलात. मिल बंद केलीत. ह्यांच्या वक्ताला का न्हाय म्हणलात, बंद करा?"

नानासाहेब बोलायला गेले. तोंडात एक वाक्य आलं होतं, यंत्र आणि माणूस यांत फरक असतो. ते वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. फरक असतो! हो, फरक असतो. यंत्राचा सुटा भाग पुण्याहून मागवता येतो.

चांगुणा खोलीचं मागायला आली होती, ते न मागताच निघून गेली.

त्या दिवशी नानासाहेबांनी जेवण टाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुरुमच्या पेठेमागच्या गल्लीत चाँदपाशांच्या दारात उभे होते. वस्तादांच्या बायकोनं, फातिमाबींनी, खाट टाकली. चहा दिला, पण 'घ्या' म्हणाल्या नाहीत.

"वस्ताद, परत या," नानासाहेब म्हणाले. "चुकलं माझं. त्या पोरावर दया करायला पायजे होती."

चाँदपाशांनी पानाला चुना लावला.

"दया नका म्हणू साहेब. दया आज येती, उद्या दुष्काळ पडला की जाती. तुमी हिशोबाचे मानूस. हिशोबच करा."

"कसला हिशोब?"

"हंगाम संपला की मिल उघडता ना? एकूण एक नट खोलून बघता. मोडलेलं नसताना बी तेल घालता, झिजायच्या आधी बदलता. त्याला लाखांनी पैका लागतो. त्या पैक्याला तुमी तोटा म्हणता का?"

"न्हाय. तो केला न्हाय तर हंगाम बुडंल."

"मंग माती मऊ ठेवायला जो खर्च म्या मागितला होता, तो श्रीपतीच्या एका जत्रेच्या वाट्याएवढा बी नव्हता. एका जत्रेच्या! आन् त्याच्याकडं दहा वर्सांच्या जत्रा होत्या. तुमी काय वाचवलं? तेलाचा डबा वाचवला आन् दहा वर्सांचं पीक जाळलं. वरून दोन गडी पळाले, फडातलं नाव गेलं. चोरानं कारखाना लुटला असता तर एवढं नेलं नसतं."

सभासदांच्या पैशाला जपणारा मी, नानासाहेबांना वाटलं, आणि त्यांचं धन माझ्याच हातानं मातीत घातलं!

"पोटाला चिमटा काढून बायका खडी फोडायल्यात, तवा मातीला ताक," ते अडखळत म्हणाले, "हे मला पाप वाटलं वस्ताद."

"ते मला समजतं. ताक नसंल तर नको. मोफतचं पाणी तर व्हतं? दोन महिने बसू देणं तर व्हतं? त्याला कुठं पैका लागत होता? तुमाला खर्च नको होता असं न्हाय साहेब. तुमाला 'न्हाय' ऐकायची सवय नव्हती."

फातिमाबी चुलीपाशी बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आन् तो लंगडा झाला तवा मोजणारं कुणी न्हाय. गड्याचं मोल जिंकला की व्हतं."

चाँदपाशा परत यायला तयार झाले, पण अट घालून. पैलवान कधी लढणार हे चेअरमन ठरवणार नाही. वस्तादनं नाही म्हटलं की नाही. संचालक मंडळाच्या ठरावात तसं लिहायचं. आणि हौद दर हंगामाआधी उकरायचा, मिलच्या दुरुस्तीबरोबर.

"कबूल," नानासाहेब म्हणाले.

श्रीपतीची भेट मात्र एवढी सोपी नव्हती. तो पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होता. ताठ पाय पुढं पसरून बसलेला. इतरांपेक्षा कमी फोडतो म्हणून मुकादम त्याचा रोज कापी. येणारंजाणारं कुणीतरी म्हणे, "काय पैलवान, दावा की ढाक डाव!" आणि बायका-पोरं हसत. ज्यांनी चप्पल मारली होती त्यातलेच काही शेजारी बसून दगड फोडत होते.

चेअरमन उन्हात उभे राहिलेले पाहून सगळे हातोडे थांबले. श्रीपतीचा थांबला नाही.

"श्रीपती, तालमीत वस्तादच्या हाताखाली काम हाय. ये."

टक्. टक्. टक्.

"माझं चुकलं रे."

आता श्रीपतीनं वर पाहिलं. "साहेब, तुमचं चुकलं, आन् पाय माझा गेला. तुमी घरी जाऊन जेवाल. मी रातच्याला उठताना भिंत धरतो. आता त्या मातीकडं रोज बघत बसू म्हणता?"

चांगुणा पाटी खाली ठेवून जवळ आली.

"येतील ते," ती म्हणाली. श्रीपती काही म्हणणार, तिनं हातानं थांबवलं. "पण उपकार म्हणून न्हाय. कामगार म्हणून मस्टरवर घ्या. खोली द्या. आन् हे जे बोलतील ते तालमीत ऐकलं जाईल, असं म्हणा. पाय गेलाय, डोळा गेला न्हाय त्यांचा."

असं श्रीपतीचं तालमीत येणं झालं. तो कुणाशी गोड बोलत नसे. नानासाहेबांना राम राम, जय भीम काहीच करत नसे. पण हौदाची माती तो रोज सकाळी स्वतः मुठीत दाबून बघे, आणि ढेकूळ सापडलं की पैलवानांना शिव्या घाली.

पुढच्या पौषात पुन्हा तीच जत्रा आली. कारखान्याचा नवा पैलवान होता शांतलिंग, पोरगेलासा, पण लोकांच्या तोंडी नाव चढलेलं. जत्रेआधी त्याचा खांदा धरला. श्रीपतीनं कुबडी टेकत त्याला चारी बाजूंनी पाहिलं आणि वस्तादांना म्हणाला, "न्हाय." वस्ताद म्हणाले, "न्हाय." शांतलिंग रडला. म्हणाला, मी लढतो, मला दुखत नाही. श्रीपती म्हणाला, "मला बी दुखत नव्हतं."

पण तिकिटं खपली होती. आणि गेल्या पावसाळ्यातली निवडणूक पुढं ढकलली जाऊन आता येत्या पावसाळ्यात होती.

फड भरला. हलगी सुरू झाली. शांतलिंगचं नाव पुकारायची वेळ आली तेव्हा नानासाहेब स्वतः खुर्चीवरून उठून मैदानाच्या मधोमध गेले.

"मंडळी!" ते ओरडले. "आमचा गडी दुखावलाय. कुस्ती होणार न्हाय. तिकिटाचे पैसे दारात परत मिळतील!"

आधी कुणाला खरंच वाटलं नाही. मग एकदम कालवा उठला.

"नामर्द!"

"पोसता कशाला मंग?"

"चेअरमननं पैसं खाल्ले!"

पहिली चप्पल त्यांच्या छातीवर लागली. दुसरी फेट्यावर. फेटा सुटला आणि फुफाट्यात पडला. संचालक ओढायला धावले, त्यांना नानासाहेबांनी हातानं परत पाठवलं. एक ढेकूळ भुवईवर फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं. ते पुसायला त्यांचे दोन्ही हात मोकळे होते, तरी त्यांनी पुसलं नाही. ते उभे राहिले. त्याच मैदानात एक माणूस पडलेला असताना आपण खुर्चीत बसून काय बोललो होतो, तो शब्द न् शब्द त्यांना ऐकू येत होता.

लोक थकले, पांगले, पैसे घेऊन पाळण्यांकडे गेले. श्रीपती दोराच्या कडेला उभा होता. कुबडी टेकत तो नानासाहेबांजवळून गेला आणि क्षणभर थांबला.

"बरं केलंत," तो म्हणाला. "माझ्या वक्ताला एवढंच पायजे होतं."

आणि तो गेला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. पुढंही कधी म्हणाला नाही.

पावसाळ्यात नानासाहेब निवडणुकीत पडले. नव्या चेअरमननं आल्याआल्या तालमीचा खर्च आणि तो ठराव दोन्ही काढायला घेतले. पण तोवर शांतलिंगचा खांदा बरा होऊन त्यानं चैत्राच्या जत्रा मारल्या होत्या, क्रीडा खातं पुन्हा भरलं होतं, आणि पळून गेलेल्या दोघांपैकी एक परत आला होता. नव्या चेअरमननं आकडे पाहिले आणि ठराव तसाच ठेवला. दयेनं नव्हे, फायद्यानं ठेवला. चाँदपाशा म्हणाले, "हेच टिकंल."

मंडळी, आपण सगळे त्या फडात बसलेले असतो. कधी खुर्चीवर, कधी मागच्या रांगेत चप्पल हातात घेऊन. ज्याच्या अंगावर आपली कमाई, आपली हौस, आपलं नाव चालतं, त्याचं अंग तापलं की आपण म्हणतो, ऊठ, नाटक करू नको! लोखंडाला तेल घालायला आपण विसरत नाही. माणूस मोडल्यावर त्याला चार पैसे देणं म्हणजे दान झालं, आणि दानानं गुडघा वाकत नाही. तो मोडण्याआधी जो खर्च करतो, थांबतो, नाही म्हणतो, तोच खरा हिशोबी. ज्या दिवशी तापलेल्या गुडघ्यावर हात ठेवून आपण 'बंद करा' म्हणायला शिकू, त्या दिवशी आपल्याला पैशाचीही किंमत कळेल आणि माणसाचीही!